रेडिओलॉजिस्टची नोकरी जाणार होती, त्याचं काय झालं?

आजचा भाग माझ्या एका चुकीच्या सल्ल्यापासून सुरू होतो.

2017 चा डिसेंबर. मी बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि मशीन लर्निंगचा नवा नवा कैफ चढला होता. मामेबहीण पीजीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. तिने फोनवर विचारलं, "रेडिओलॉजी घेऊ का रे?" मी छातीठोकपणे सांगितलं, "ताई, नको. पाच वर्षांत हे काम कॉम्प्युटर करेल."

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नव्हतं. वर्षभरापूर्वी, 2016 मध्ये, टोरांटोच्या एका परिषदेत जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आताच थांबवायला हवं. पाच वर्षांत, फार तर दहा, डीप लर्निंग त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. न्यूरल नेटवर्कचा एवढा मोठा माणूस बोलतोय म्हटल्यावर मी कोण शंका घेणारा? त्यात नोव्हेंबर 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या टीमचं चेक्सनेट आलं. छातीचा एक्स-रे बघून न्यूमोनिया ओळखणारं 121 थरांचं नेटवर्क. 420 एक्स-रेंवर चार रेडिओलॉजिस्टशी तुलना केली आणि मॉडेल पुढे निघालं. तो पेपर मी ताईला पाठवलासुद्धा. तिने वाचला नसावा, आणि बरंच झालं.

कारण मी एक जुनी गोष्ट वाचलीच नव्हती. मशीनने एक्स-रे वाचायचा पहिला मोठा प्रयोग आमच्या पिढीचा नाहीच. 1998 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मॅमोग्राफीसाठी एका सॉफ्टवेअरला मान्यता दिली, नाव इमेजचेकर. स्तनाच्या एक्स-रेवर संशयास्पद जागी खुणा करायच्या, निर्णय डॉक्टरने घ्यायचा. पुढे मेडिकेअर त्याचे वेगळे पैसे देऊ लागलं आणि पैसे मिळतात म्हटल्यावर ते भराभर पसरलं. 2007 मध्ये दोन लाख बावीस हजार स्त्रियांच्या नोंदी तपासणारा अभ्यास आला. सॉफ्टवेअर वापरणाऱ्या केंद्रांत बायोप्सी जवळपास 20 टक्क्यांनी वाढल्या होत्या, पण कॅन्सर सापडण्यात ठोस फरक नव्हता. म्हणजे निरोगी बाईला सुई टोचली जाण्याची शक्यता वाढली, एवढंच. 2015 च्या आणखी मोठ्या अभ्यासातही फायदा दिसला नाही. तोवर बहुतांश अमेरिकन मॅमोग्राम अशाच सॉफ्टवेअरमधून जात होते!

"अरे, ते जुनं तंत्रज्ञान होतं" असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं असतं. पण नव्याचे घोटाळे तर आपल्या धंद्यातले आहेत, म्हणून मला जास्त झोंबतात. चेक्सनेट ज्या डेटावर शिकलं त्यात 1,12,120 एक्स-रे होते, आणि त्यांची लेबलं जुन्या रिपोर्टांच्या मजकुरातून प्रोग्रामने काढलेली होती. एका ऑस्ट्रेलियन रेडिओलॉजिस्टने चित्रं उघडून पाहिली, तर न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा साठलेल्या, बऱ्याच रुग्णांच्या छातीत नळी आधीच घातलेली! उपचार सुरू झालेत म्हणजे निदान झालंय. मग मॉडेल आजार ओळखायला शिकलं की नळी?

2018 चा दुसरा अभ्यास तर प्रत्येक डेटा सायन्सवाल्याने वाचावा. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायच्या एक्स-रेंमध्ये सुमारे 34 टक्के न्यूमोनियाचे होते, दुसऱ्या एका संचात जेमतेम 1 टक्का. हा एक्स-रे कुठल्या हॉस्पिटलचा, हे नेटवर्कला जवळजवळ अचूक ओळखता येत होतं. आणि हॉस्पिटल कळलं की न्यूमोनियाचा अंदाज निम्मा आलाच! फुप्फुस बघायची गरजच काय? परीक्षेत आपण जुन्या पेपरांवरून प्रश्न ओळखायचो, तसंच.

तरी एआय फेल गेलं असं मी म्हणणार नाही. स्वीडनमध्ये 80 हजार स्त्रियांवर चाचणी झाली. तिथे एरवी प्रत्येक मॅमोग्राम दोन डॉक्टर वाचायचे. एआयने कमी धोक्याचे मॅमोग्राम वेगळे केले आणि ते एकाच डॉक्टरने वाचले. वाचनाचं काम 44 टक्के कमी झालं आणि कॅन्सर सापडण्याचं प्रमाण घटलं नाही. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टीबीच्या तपासणीत 15 वर्षांवरच्यांचे छातीचे एक्स-रे सॉफ्टवेअरने वाचायला मान्यता दिली. आपल्या मुंबईची क्युअर डॉट एआय याच कामात आहे. जिथे फिल्म वाचणारा डॉक्टरच नाही, तिथे मशीन कुणाची जागा घेणार?

माणसं तर सगळीकडेच कमी पडतायत. ब्रिटनमध्ये 2023 ला गरजेपेक्षा 30 टक्के रेडिओलॉजिस्ट कमी होते. स्कॅन वाढत गेले, वाचणारे त्या वेगाने वाढले नाहीत. मला भीती वेगळीच वाटते. त्या 2016 च्या वाक्यावर विश्वास ठेवून माझ्यासारख्या किती जणांनी किती जणांना हा रस्ता सोडायला लावला असेल?

हिंटनना 2024 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. याच विषयातलं पहिलं नोबेल, 1901 चं, एक्स-रे शोधणाऱ्या राँटगेनचं होतं, हा योगायोग मला फार आवडतो. पुढे हिंटननी मान्य केलं की आपण सरसकट बोललो, दिशा बरोबर होती पण वेळेचा अंदाज चुकला.

ताईने रेडिओलॉजीच घेतली. या भागासाठी तिला फोन केला तेव्हा ती नाइट ड्युटीवर होती. म्हटलं, तुमच्याकडे एआय आहे का? "आहे ना. खुणा करतं, काही कामाच्या असतात. पण खालून सर्जनचा फोन येतो तो मलाच, आणि रिपोर्टवर सही माझी." मग म्हणाली, "ठेवते, ॲक्सिडेंटची केस आलीये. सीटी आधी लाग..." आणि फोन कट.