दाराशी मांडलेले टेबल



सिनेगॉगच्या इमारतीचा इतिहास या स्मरणिकेत इतर मंडळी लिहितीलच. आम्ही लिहितो ते दाराशी टेबल मांडून बसणाऱ्या आपल्या माणसांविषयी.

१९५० साली परतीचा कायदा झाला. मुंबई-कोकणातून आपली कुटुंबे येऊ लागली. आणण्याचे काम सोखनूतने केले. निवारा, लोखंडी खाटा, हिब्रूचे वर्ग दिले. त्याबद्दल आम्ही कृतघ्न नाही. पण खाट मिळाली म्हणून संसार लागतो असे नाही. मुंबईत कारकुनी केलेले गृहस्थ नेगेवच्या उन्हात खडी फोडू लागले. १९५१ साली बीरशेबाच्या काही कुटुंबांनी तेल अवीवला सोखनूतच्या कचेरीपुढे ठिय्या दिला. १९५२ मध्ये काहीजण भारतात परत गेले, आणि पुढे त्यांतले बहुतेक पुन्हा इथेच आले. हे सांगताना आमच्या आया हसत, मग गप्प होत.

त्या दिवसांत मदत करणाऱ्या आपल्या मंडळींना ना नाव होते, ना शिक्का. हवदाला झाली की हिब्रू येणारा कोणी टेबलापाशी बसे, सरकारी पत्रे मराठीत सांगे, अर्ज भरून देई. बायका नव्या घरी तांदूळ-तिखट पोचवीत, बाळंतिणीजवळ रात्री बसत.

१९६२ साली मुख्य रब्बींकडून आदेश निघाला, की बेने इस्रायलांच्या मुलामुलींचे बाहेर लग्न लावायचे तर आधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. दोन हजार वर्षे कोकणात शनिवार पाळला, आणि इथे येऊन आजीचा दाखला द्यायचा! तेव्हा अर्ज लिहिणारे हेच हात फलक घेऊन जेरुसलेमला धरण्याला बसले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेतने आपण सर्व बाबतींत यहुदी असल्याचे मान्य केले. महिनाअखेर त्या आदेशातून आपले नाव निघाले.

पुढे आम्ही नर्सिंग शिकलेल्या मुली दवाखान्यांत लागलो, आणि टेबलावरचे काम आमच्याकडेही आले. एका आजींनी सांगितले, "पोटात गोळा येतो." मदतीला आलेल्या नातवाने शब्दाला शब्द लावला. डॉक्टर गाठ शोधत बसले, एक्स-रे लिहून दिला. आम्ही पोचलो तेव्हा आजी थंड टेबलावर आडव्या होत्या. दुखणे साधे वाताचे होते.

मे १९९१ मध्ये इथिओपियाहून सुमारे छत्तीस तासांत चौदा हजारांवर माणसे विमानांनी आली. त्यांच्याही यहुदीपणाबद्दल शंका काढल्या गेल्याच होत्या. आमच्या दवाखान्यात त्यांतली एक म्हातारी बाई आली. पोटावर हात ठेवून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. डॉक्टरांनी एक्स-रेचा कागद ओढला.

आम्ही म्हटले, "फोटो नंतर काढा. आधी त्यांच्यातले कोणी जरा बोलवा."