चित्रांतील देहाची हालचाल : गोव्याहून शिक्रीस गेलेली एक भेट

खासबागेच्या मैदानांत कुस्ती पाहिलेल्या कोल्हापूरकरास मानवी देहाची हालचाल समजावून सांगावयास नको. डाव पडण्यापूर्वींच मल्लाचा भार कोणत्या पायावर आहे, हें तो ओळखतो. परंतु हीच गोष्ट कागदावर उतरविणें फार कठीण; कारण चित्रास क्षण एकच लाभतो, आणि त्यांतच मागील व पुढील हालचाल सुचवावयाची असते. या कलेच्या इतिहासांत आपल्या धर्मगुरूंचाही एक प्रसंग स्मरणीय आहे.

इ. स. १५७९ च्या नोव्हेंबरांत फादर रुडॉल्फ आक्वाविव्हा, फादर आंतोनियो मोन्सेरात व फादर फ्रान्सिस हेन्रिकेस हे येशूसंघीय गोव्याहून निघाले, ते १५८० च्या आरंभीं फत्तेपूर शिक्रीस अकबर बादशहाच्या दरबारीं पोहोंचले. अँटवर्प येथें छापलेलें आठ खंडांचें बहुभाषी बायबल त्यांनीं बादशहास अर्पण केलें. त्यांतील व इतर युरोपीय ठशांचीं चित्रें पाहून दरबारचे चित्रकार अभ्यास करूं लागले. केशूदास यानें काढलेलें निद्रिस्त संत जेरोमचें चित्र आज पॅरिसच्या गिमे संग्रहालयांत आहे. तें मारियो कार्तारो याच्या ठशावरून घेतलेलें. आणि त्या ठशाचें मूळ मायकेलअँजेलोनें १५०८ ते १५१२ या काळांत रोमच्या सिस्टाइन मंदिराच्या छतावर रंगविलेल्या नोहाच्या आकृतींत आहे. रोमचा देह असा कागदावरून प्रवास करीत हिंदुस्थानांत आला!

तथापि हालचाल आम्हींच या देशास शिकविली, असा अभिमान बाळगणें सत्यास धरून होणार नाहीं. १५६२ च्या सुमारास आरंभिलेल्या ‘हम्झानाम्या’च्या चित्रांत धांवणारे व झुंजणारे वीर आधींच होते. ठशांनीं दिली ती छायेनें येणारी गोलाई व देहाचा भार. १५९० नंतर लवकरच बसावननें आंखलेल्या ‘अकबरनाम्या’तील चित्रांत ‘हवाई’ हत्तीवर बसलेला अकबर ‘रणबाघ’ हत्तीचा पाठलाग करीत आहे. यमुनेवरील नावांचा पूल खचत आहे, आणि माणसें जीव वाचविण्यासाठीं धडपडत आहेत. तेथें वेग व भार दोन्ही एकत्र आले आहेत.

ज्या हेतूनें ते ग्रंथ नेले, तो मात्र सफल झाला नाहीं. बादशहानें बाप्तिस्मा घेतला नाहीं. फादर आक्वाविव्हा १५८३ सालीं गोव्यास परतले, आणि त्याच वर्षीं २५ जुलै रोजीं साष्टींतील कुंकळ्ळी येथें, देवळें पाडल्यामुळें संतप्त झालेल्या ग्रामस्थांच्या हातून मारले गेले. १८९३ सालीं पोप तेराव्या लिओंनीं त्यांस धन्य घोषित केलें. पेरणारा एक पीक इच्छितो व शेतांत दुसरेंच उगवतें. म्हणून तें पीक व्यर्थ ठरत नाहीं.

वाचकहो, येत्या उपवासकाळांत क्रूसाच्या वाटेच्या चित्रांपुढें उभे राहाल, तेव्हां मल्लास पाहतां त्याच डोळ्यांनीं तीं पाहा. पाय कोठें अडखळला, गुडघा कोठें टेकला, भार कोणत्या खांद्यावर आहे, हें न्याहाळा. चित्रकारानें सांगावयाचें तें तेथेंच सांगितलें आहे.