एका दिवसाचें धान्य

नासिकच्या पश्चिमेस गोदाकांठानें निघालें म्हणजे प्रथम आनंदवल्ली लागते व पुढें गंगापूर. आनंदवल्लीस राघोबादादांनीं वाडा बांधला. गंगापुरास नानासाहेब पेशव्यांच्या विधवा पत्नी गोपिकाबाई येऊन राहिल्या. त्यांचे विश्वासराव १७६१ सालीं पानिपतावर पडले, माधवराव १७७२ सालीं क्षयानें गेले आणि धाकटे नारायणराव १७७३ च्या ऑगस्टांत शनिवारवाड्यांत मारले गेले. पुढें १७८८ सालीं वारेपर्यंत बाई व्रतस्थ राहिल्या, याचें कोणी आश्चर्य करणार नाहीं. वैभवाची चव दुःखानें आधींच गेली होती.

आम्हांस अधिक अवघड वाटतें तें, त्या खुनाचा निवाडा ज्यांनीं केला त्या रामशास्त्री प्रभुण्यांचें राहणें. शास्त्रीबोवा माहुलीचे, काशीस शिकलेले. १७५९ पासून पुण्यास न्यायाधीश. भोंवतीं शालजोड्या, मोत्यांचे तुरे, पालख्या आणि पंगती. आणि या गृहस्थाच्या घरीं त्या त्या दिवसापुरतेंच धान्य असे, असें ग्रँट डफनें १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत लिहून ठेवलें आहे. मराठ्यांची स्तुति हा ग्रंथकार जपूनच करतो.

शास्त्रीबोवांच्या पत्नीची दंतकथा तर घरोघर सांगतात. त्या वाड्यांत गेल्या असतां त्यांचा साधा वेष पाहून पेशव्यांच्या पत्नीस वाईट वाटलें. तिनें त्यांस दागिन्यांनीं मढवून पालखींतून घरीं पाठविलें. शास्त्रीबोवांनीं दार लावून घेतलें व भोयांस म्हटलें कीं, तुम्ही घर चुकलांत. बाई परत गेल्या, दागिने उतरवून आपल्या जुन्या लुगड्यानें पायीं आल्या, तेव्हां दार उघडलें.

लहानपणीं ही गोष्ट ऐकतांना आम्ही शास्त्रीबोवांच्या बाजूचे होतों. आतां मात्र बंद दारापुढें थांबलेली ती पालखी डोळ्यांसमोर येते. व्रत नवऱ्याचें, भोयांदेखत मान खालीं घालावी लागली ती बायकोला, आणि गोष्टींत तिच्या तोंडीं एक वाक्यही नाहीं. शेजारची मुंज थाटाची झाली आणि आपली साधी, कीं चार बायकांचे टोमणे आजही घरांतल्या बाईलाच ऐकावे लागतात. आम्ही पुरुष पुस्तकांत तोंड घालून मोकळे!

तरीपण तें दार लावण्याचें कारण उमजावयास १७७३ कडेच यावें लागतें. राघोबादादांनीं प्रायश्चित्त विचारलें; शास्त्रीबोवांनीं देहान्त सांगितलें, आणि पुणें सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले. दरबारांत दुसरेही जाणते लोक होतेच. पण ज्यांच्या घरीं वाड्यांतलीं मोत्यें आणि जहागिरीच्या सनदा, त्यांस तोंड उघडण्यापूर्वीं केवढा हिशेब करावा लागला असेल! शास्त्रीबोवांस आवरावयास कोठारच नव्हतें. एका दिवसाचें धान्य एका गांठोड्यांत मावतें. पुढें बारभाईंच्या कारभारांत मानानें बोलावणें आलें तेव्हां ते पुण्यास परतले. १७८९ सालीं ते वारले.