पुरातन वृक्ष
पुरातन वृक्ष : दीर्घायुष्यामुळे गतकाळाची साक्ष देणारे झाड. अशा झाडाचे वय सांगणे सोपे नसते. सागाच्या खोडात दरवर्षी स्पष्ट वलय उमटते; अवर्षणाच्या वर्षी ते अरुंद राहते. अकोला जिल्ह्यातील पातूर परिसराच्या कोरड्या पानझडी जंगलात साग आहे. १८९९-१९००च्या भीषण दुष्काळातून वाचलेला साग वऱ्हाडात कुठे उभा असेल, तर त्याच्या खोडात त्या वर्षांची नोंद सापडू शकते. लेखी दफ्तराइतकेच मोल अशा नोंदीला द्यायला हवे. वड, चिंच यांची वलये मात्र अशी नीट वाचता येत नाहीत. गोरखचिंचेचे खोड पोकळ होत जाते, म्हणून तिचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढतात. नुसत्या घेरावरून सांगितलेले वय अंदाजच असते.

काही झाडे श्रद्धेने जपली गेली. आळंदीचा अजानवृक्ष ज्ञानेश्वरांच्या समाधीशी (१२९६) जोडलेला आहे. मिरजेजवळच्या भोसे येथील सुमारे ४०० वर्षांचा मानला जाणारा वड रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या आड आला, तेव्हा २०२०मध्ये लोकांच्या आग्रहामुळे रस्त्याची आखणी बदलली. पुढे २०२२च्या पावसाळ्यात तो उन्मळून पडला.

महाराष्ट्राने २०२१मध्ये १९७५च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती करून ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडाला पुरातन वृक्ष ठरवले. असे झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. पातूरला नगरपरिषद असल्याने तेथे हा कायदा लागू पडतो. खेड्यांत १९६४चा वृक्षतोड कायदा ठरावीक जातींपुरताच आहे.