डब्याच्या दुधातले फॅट आणि व्हिटॅमिन : लेबलवर काय बघायचं?

पहिले 6 महिने बाळाला फक्त आईचं दूध, नंतर वरच्या आहारासोबत 2 वर्षे किंवा त्याहून जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सूरह बकरामध्येही दूध पाजण्याची पूर्ण मुदत 2 वर्षेच आहे. पण आई आजारी असेल, दूध पुरत नसेल, तर डॉक्टर पावडरचं दूध लिहून देतात. मग मावळातल्या घरात प्रश्न निघतो : गोठ्यात म्हशीचं ताजं दूध असताना डब्यावर खर्च कशाला?

फॅट : आईच्या दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा फॅटमधून येते. म्हशीच्या दुधात फॅट भरपूर, पण त्यातली प्रथिने आणि क्षार तान्ह्या बाळाच्या किडनीला जड जातात, लोहही कमी. जाड साय म्हणजे चांगलं दूध, हा हिशोब मोठ्यांचा. डब्याच्या दुधात वनस्पती तेले घालून बाळाला लागणारी फॅटी ॲसिड्स पुरवतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दर 100 किलोकॅलरीमागे, म्हणजे साधारण 150 मिली तयार दुधात, फॅट 4.4 ते 6 ग्रॅम, लिनोलेइक ॲसिड किमान 300 मिग्रॅ आणि अल्फा-लिनोलेनिक ॲसिड किमान 50 मिग्रॅ हवे.

व्हिटॅमिन : तेवढ्याच दुधात ए 60 ते 180 मायक्रोग्रॅम, डी 1 ते 2.5 मायक्रोग्रॅम, के किमान 4 मायक्रोग्रॅम, ई किमान 0.5 मिग्रॅ आणि सी किमान 10 मिग्रॅ असावे. ए, डी, ई, के ही फॅटमध्येच विरघळतात, म्हणून दोन्ही सोबत लागतात. लोणावळ्यात पावसाळ्यात ऊन दिवसेंदिवस दिसत नाही. डी-व्हिटॅमिनचे थेंब द्यायचे का, किती, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आईचं दूध पिणाऱ्या बाळासाठीही विचारा.

हलालचा प्रश्न : काही व्हिटॅमिनच्या पावडरींना जिलेटिनचं आवरण असतं. घटकांची यादी वाचा; शंका असल्यास कंपनीला विचारा.

तयार करताना : पाणी उकळा आणि ते 70 अंशांखाली जाण्याआधी पावडर घाला. डब्यातलाच चमचा, सपाट भरून. पाजण्याआधी दूध कोमट होऊ द्या. 2 तासांत न पाजलेलं, तसंच बाटलीत उरलेलं उष्टं दूध टाकून द्या. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पाणी वाढवू नका. पोट भरल्यासारखं दिसतं, पण फॅट आणि व्हिटॅमिन दोन्ही घटतात, बाळाचं वजन वाढत नाही. खर्च झेपत नसेल तर आशाताईंशी किंवा सरकारी दवाखान्यात बोला. लाज बाळगू नका.

1992 च्या कायद्याने बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला आणि आईला मोफत नमुने द्यायला बंदी आहे. त्यामुळे डबा दुकानदाराच्या सांगण्यावरून नको, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा, असं आम्ही आपल्या आया-बहिणींना सांगतो.