राजीनामा ते यजितखत : मराठेशाहीतील न्यायाची परिभाषा

न्यायालयीन मराठी दुर्बोध असल्याची तक्रार जुनी आहे. परंतु ही दुर्बोधता शब्दांच्या परकेपणातून जितकी येते, त्याहून अधिक ती ओळखीच्या शब्दांचे अर्थ सरकल्यामुळे येते, आणि मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांचे कागद पाहिले असता हे सरकणे स्पष्ट दिसते.

अशा तंट्यात प्रथम दाद मागणारा तो ‘अग्रवादी’ आणि त्याला उत्तर देणारा तो ‘पश्चिमवादी’. आजचे वादी आणि प्रतिवादी ते हेच. तंटा गोतसभेपुढे, म्हणजे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि परगण्याचे देशमुख-देशपांडे यांच्या बैठकीपुढे आला की दोघांकडूनही ‘राजीनामा’ लिहून घेतला जाई. नोकरी सोडण्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता. सभा करील तो निवाडा मानण्यास आपण राजी आहोत, असे ते लेखी वचन होते, आणि त्या वचनाची हमी घेणारा माणूस तो ‘जामीन’. पुढे प्रत्येकाने आपली हकीकत मांडावयाची, ती ‘तकरीर’; आजच्या ‘तक्रारी’शी तिची गल्लत करू नये, कारण अरबीत या दोन शब्दांची मुळे वेगळी आहेत. साक्षी आणि जुने कागद अपुरे पडल्यास दिव्याचा आधार घेतला जाई. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढण्याच्या दिव्यास ‘रवादिव्य’ म्हणत.

निवाड्याचा कागद म्हणजे ‘महजर’. हा शब्द ‘हजर’ याच धातूचा असून त्यात उपस्थितांची नावे येत, आणि अक्षर न येणारा पाटील सहीऐवजी नांगराची, तर कारागीर आपापल्या हत्याराची निशाणी करी. या साऱ्यांत सर्वांत बोलका कागद मात्र ‘यजितखत’ होय: हरलेल्या पक्षाने आपण खोटे ठरलो, यापुढे या हक्कासाठी भांडणार नाही, असे जिंकणाऱ्यास स्वतः लिहून द्यावयाचे. निकाल वरून लादला जाण्याऐवजी हरणाऱ्याच्याच हातून वदवून घेण्याची ही रीत आजच्या हुकूमनाम्यात उरलेली नाही. जिंकणारा सरकारात ‘हरकी’ भरी आणि हरणारा ‘गुन्हेगारी’. गुन्हेगारी म्हणजे दंडाची रक्कम, गुन्ह्यांचे प्रमाण नव्हे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि १८२७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखली जाणारी नियमसंहिता आली, तेव्हा गोतसभेचे स्थान लेखी कायद्याने बांधलेल्या न्यायालयाने घेतले. कार्यपद्धती गेल्यावर तिचे शब्द मोकळे झाले: महजर आणि यजितखत इतिहाससंशोधकांकडे गेले, राजीनामा कचेरीत गेला, आणि जामीन हा शब्द माणसावरून उतरून आरोपीला मिळणाऱ्या सुटकेला चिकटला. हमी देणाऱ्या माणसासाठी मग ‘जामीनदार’ हा वेगळा शब्द वापरात आला.