भोपाळचा वेढा आणि नकाशाचे चित्र

डिसेंबर 1737 मध्ये निजाम-उल्-मुल्क भोपाळच्या आश्रयाला गेला. एका अंगाला तलाव आणि बाकीच्या बाजूंना बाजीरावाचे घोडदळ. रसद तुटली. दक्षिणेतून नासिरजंगाची कुमक येऊ नये म्हणून चिमाजीअप्पा तापीकाठी तळ देऊन होते. जानेवारी 1738 मध्ये दुराई सराईला तह झाला. माळवा, नर्मदा व चंबळ यांमधला मुलूख आणि 50 लाख रुपये निजामाने कबूल केले.

गोमंतकीयांनी यात लक्ष का घालावे? उत्तरेतून मोकळे झालेले शिंदे-होळकर पुढे वसईच्या मोहिमेत उतरले. जानेवारी 1739 मध्ये व्यंकटराव घोरपडे साष्टीत, मडगावपर्यंत येऊन पोहोचले आणि मे महिन्यात वसई पडली. भोपाळ आपल्याला वाटते तेवढे दूर नाही.

हा सगळा पट नकाशाशिवाय डोळ्यांसमोर उभा राहत नाही. आता क्यूजीआयएससारखी मोफत संगणकप्रणाली असल्यामुळे असा नकाशा घरी बसून करता येतो. गफलत होते ती शेवटच्या पायरीवर, नकाशाची चित्रफाईल काढताना. प्रणालीत प्रत्येक थर वेगळा असतो, हवा तेव्हा झाकता येतो. चित्र काढले की सगळे थर एकमेकांना कायमचे चिकटतात, आणि त्यात राहून गेलेली चूक इतिहास म्हणून फिरू लागते.

भोपाळच्या बाबतीत ही चूक पाण्याची. आजचा तयार पायानकाशा घेतला तर त्यात छोटा तलाव दिसतो. तो 1794 चा! मोठा तलाव राजा भोजाच्या नावावर, अकराव्या शतकातला. पण 1965 मध्ये भदभदा धरण झाल्यावर त्याचा विस्तार वाढला. म्हणजे आजचे निळे पाणी तसेच ठेवले तर निजामाला बाजीरावाने नव्हे, आपणच वेढले असे व्हायचे. म्हणून चित्र काढण्यापूर्वी आजच्या पाण्याचा थर बंद करावा, जुन्या तलावाचा काठ तुटक रेषेने काढावा आणि शेजारी 'अंदाजे' असे स्पष्ट लिहावे.

मग फाईलचा प्रकार. जेपीईजी छायाचित्रांसाठी ठीक. पण ती आकार कमी करताना बारीक रेषा आणि अक्षरांच्या कडा पुसट करते. रोमन लिपीत ते एकवेळ चालून जाते. देवनागरीत अनुस्वार आणि रफार यांचाच बळी जातो. नकाशाला पीएनजी बरी. छपाईला इंचाला 300 ठिपके धरावेत. आडव्या ए-4 कागदाला ते 3508 बाय 2480 भरतात. पडद्यावर पाहण्यापुरते 96 पुरतात, तेव्हा चित्र 1123 बाय 794 चे होते. पीडीएफ किंवा एसव्हीजी काढायची असेल तर अक्षरे रेषारूपात पाठवण्याचा पर्याय निवडावा. नाहीतर ज्याच्या संगणकात आपला टंक नाही त्याच्याकडे काना-मात्रा विस्कटतात.

प्रमाणाविषयी एक सांगतो. '1:2,50,000' असे आकड्यात लिहू नये. चित्र लहान-मोठे केले की तो आकडा खोटा ठरतो. प्रमाणपट्टी चित्राबरोबरच लहान-मोठी होते, ती काढावी.

नावांचेही तसेच. जुन्या मराठी पुस्तकांत दुराई सराई, आजच्या नकाशात सीहोर जिल्ह्यातले दोराहा. दोन्ही लिहावीत.

चित्र काढताना सोबत 'वर्ल्ड फाईल' करण्याचा पर्यायही असतो. सहा ओळींची साधी मजकूर फाईल. चित्रातला एक ठिपका जमिनीवर केवढा आणि चित्राचा डावा-वरचा कोपरा कुठे, एवढे ती सांगते. प्रक्षेपण मात्र तिच्यात नसते, ते वेगळे नोंदवून ठेवावे लागते. भोपाळ, वसई आणि मडगाव ही तिन्ही ठिकाणे यूटीएमच्या 43 क्रमांकाच्या पट्ट्यात, म्हणजे 72 ते 78 अंश पूर्व रेखांशांच्या दरम्यान येतात. तेव्हा तिन्ही मोहिमांचे नकाशे त्याच पट्ट्यात काढले, तर उद्या कुणालाही ते एका पटावर आपापल्या जागी मांडता येतील.